पुण्याच्या कचऱ्यामागचा करार

पुण्यात दारोदार कचरा गोळा करणाऱ्या बायका महापालिकेच्या नोकर नाहीत आणि कुठल्या ठेकेदाराच्या मजूरही नाहीत, हे शहरात वर्षानुवर्षं राहणाऱ्या कितीतरी लोकांना माहीत नसतं. त्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत, म्हणजेच तिच्या मालक. महापालिका, ही संस्था आणि मागाहून जोडल्या गेलेल्या खाजगी कंपन्या यांची भागीदारी कागदावर २००८ सालची आहे. तिची खरी सुरुवात मात्र त्याच्या कितीतरी आधी झाली. ही सुरुवात समजल्याशिवाय करारातली कलमं नीट कळत नाहीत.

१९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूरकडून जी कुटुंबं पुण्यात आली, त्यांतल्या अनेक दलित बायकांना शहरानं एकच काम दिलं. खांद्यावर पोतं टाकायचं आणि कुंड्यांमधून कागद, काच, पत्रा वेचून भंगारवाल्याला विकायचा. कुत्री चावायची, काचा लागायच्या आणि कुठे चोरी झाली की पोलिसांचा पहिला संशय यांच्यावर. महापालिकेच्या लेखी त्या नव्हत्याच. त्यांनी उचललेल्या भंगारामुळे पालिकेचा वाहतुकीचा खर्च रोज वाचत होता, पण त्याचा हिशेब कुणी मांडला नव्हता.

१९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी या बायकांसोबत काम सुरू केलं. घरातच सुका कचरा वेगळा ठेवला तर कुंडीत हात घालावा लागणार नाही, हा साधा विचार होता. कोरेगाव पार्कमधली काही घरं त्याला तयार झाली. बायकांना ओळखपत्रं मिळाली आणि थेट दारातून चांगला माल हाती येऊ लागला. तेवढ्यात एका खाजगी व्यावसायिकानं त्याच भागात गाडी लावून कचरा उचलायची तयारी दाखवली. कचऱ्यालाही गिऱ्हाईक आहे आणि तो आपल्या हातून जाऊ शकतो, हे बायकांना तिथे कळलं.

मे १९९३मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली आणि त्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. अध्यक्ष झाले डॉ. बाबा आढाव. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बाबांनी १९५०च्या दशकात हमाल पंचायत बांधली होती. हमालांच्या लढ्यांतूनच ओझी वाहणाऱ्या कामगारांना संरक्षण देणारा १९६९चा माथाडी कायदा झाला आणि त्या कायद्याच्या मंडळांवर सरकार, मालक आणि कामगार असे तिन्ही पक्ष एकत्र बसतात. तीन पक्षांनी मिळून काम चालवायचं असेल तर सगळ्यांत दुबळ्या पक्षानं आधी संघटित होऊन यायला हवं, हा अनुभव पुण्याच्या चळवळीकडे तयार होता.

१९९३च्याच जूनमध्ये ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिच्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन नगरपालिकांच्या कामांत मांडलं गेलं. पंचायतीनं मग महापालिकेच्या दारात ठाण मांडलं. काही वर्षांत पंचायतीच्या ओळखपत्रांवर पालिकेची मोहोर उमटली आणि पुढे आरोग्य विम्याचा हप्ताही पालिका भरू लागली. ठेका नव्हता, पगार नव्हता, पण ही माणसं शहराच्या कामाची आहेत हे पालिकेनं लिहून दिलं होतं. पुढचं सगळं या कागदावर उभं आहे.

२०००च्या केंद्रीय घनकचरा नियमांनी शहरांना दारोदार कचरा गोळा करणं आणि ओला-सुका वेगळा करणं बंधनकारक केलं. इकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगीचे गावकरी आपल्या भागातल्या पुण्याच्या कचरा डेपोविरुद्ध रस्त्यावर येऊ लागले होते. पालिकेला माणसं हवी होती आणि पंचायतीकडे ती होती. आधी काही भागांत प्रयोग झाला, मग ‘स्वच्छ’ची नोंदणी झाली आणि २००८मध्ये पालिकेशी पाच वर्षांचा करार.

त्याची रचना बघण्यासारखी आहे. दोन बायकांची जोडी साधारण दीडशे ते तीनशे घरं घेते. महिन्याचं शुल्क घरंच त्यांच्या हातात देतात. पालिका पगार देत नाही. सुक्या कचऱ्यातलं भंगार विकायचा हक्क त्यांचा. ढकलगाड्या, हातमोजे, गणवेश आणि संस्थेच्या देखरेखीचा खर्च पालिकेकडे. वस्त्यांमध्ये शुल्क परवडत नाही, म्हणून तिथल्या घरांमागे पालिका अनुदान देते. ओला कचरा बायका ठरलेल्या ठिकाणी पालिकेच्या गाडीत टाकतात आणि पुढची वाहतूक व प्रक्रिया पालिकेची.

कंपन्या आल्या त्या दोन वाटांनी. पहिली मदतीची. कात्रजमध्ये ‘जनवाणी’ ही संस्था, कमिन्स इंडिया ही कंपनी, ‘स्वच्छ’ आणि पालिका यांनी मिळून शून्य कचरा प्रभागाचा प्रयोग केला. २०१४पासून कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामावरचा खर्च बंधनकारक झाल्यावर अशा कामांना पैसा मिळणं सोपं झालं. दुसरी वाट जबाबदारीची, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला भंगारवाला दमडीही देत नाही, म्हणून ते कुणी उचलत नाही. २०१६च्या प्लॅस्टिक नियमांनी ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. ही जाग बायकांनी आधीच आणली होती. २०१३च्या महिला दिनी त्यांनी वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनची पार्सलं थेट उत्पादक कंपन्यांना पाठवली. त्याच नॅपकिनसाठी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्याही त्या बनवतात. उघडा नॅपकिन हातानं वेगळा करावा लागणं म्हणजे काय, हे त्या पार्सलांनी कुठल्याही निवेदनापेक्षा ठळकपणे सांगितलं.

करार टिकवणं सोपं गेलं नाही. शुल्क बुडवणारी घरं, रखडलेली बिलं, आणि दर नूतनीकरणाच्या वेळी ‘एकच मोठा ठेकेदार नेमा’ ही मागणी. डिसेंबर २०२०मध्ये दुसऱ्या कराराची मुदत संपली. लॉकडाउनमध्ये शहर घरात बसलं असताना याच बायका दारोदार फिरल्या होत्या, तरी त्यानंतर त्यांना तुकड्या-तुकड्यांनी मुदतवाढ घ्यावी लागली. हा अन्याय होता, असं मी स्पष्टपणे म्हणेन. पाच वर्षांचा करार असला की बाई कर्ज काढू शकते, मुलाच्या कॉलेजचा विचार करू शकते. दोन महिन्यांच्या मुदतवाढीत यातलं काहीच होत नाही.

२०१६च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला देशभरच्या पालिकांना सांगितलं. इतर शहरांतले अधिकारी पुण्याला येऊन ढकलगाड्या आणि शुल्काचे तक्ते बघून जातात. त्यांनी १९९३ ते २००८ या पंधरा वर्षांचे कागदही मागून घ्यावेत: ओळखपत्रांचा ठराव, विम्याचा ठराव, पहिल्या प्रयोगाची नोंद. आणि परत गेल्यावर पहिली बैठक ठेकेदारांबरोबर न घेता आपल्या शहरातल्या वेचक बायकांबरोबर घ्यावी.