कोयता, हजेरीपट आणि आजी

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत ट्रक, ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजे ऊसतोडीच्या भाषेत 'कोयते', भांडीकुंडी, पीठमीठ आणि लेकरं गाडीत घालून पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या वाटेला लागतात. इकडे शाळेच्या हजेरीपटावर काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू होतात, त्या पार मार्च-एप्रिलपर्यंत.

समजा, समाजशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्यानं हाच प्रश्न घेतला: आई-बाप ऊसतोडीला गेल्यानं लेकराची हजेरी किती घटते? इथं घरोघर बदलणाऱ्या दोन गोष्टी आहेत. अशा बदलणाऱ्या गोष्टीला संशोधनात 'चल' म्हणतात. स्थलांतराकडे आपण कारण म्हणून बघतोय, म्हणून तो स्वतंत्र चल. हजेरी त्यावर अवलंबून आहे असं धरलंय, म्हणून ती अवलंबी चल.

'स्वतंत्र' हे नाव मात्र फसवं. उचल फेडायला निघालेला माणूस कुठला स्वतंत्र! आणि प्रश्न फिरवून 'कोणती घरं ऊसतोडीला जातात?' असं विचारलं, की तेच स्थलांतर अवलंबी होतं. जमीन, कर्ज, त्या सालचा पाऊस हे स्वतंत्र चल होतात. परीक्षेसाठी आपण याद्या घोकतो खऱ्या, पण कोणता चल कुठल्या रांगेत बसणार हे प्रश्नावर ठरतं.

मोजायला गेलं की खरी कसरत सुरू होते. 'ऊसतोडीला जाता का? हो/नाही' एवढ्यावर भागत नाही. एकटा बाप गेला, तर तो 'अर्धा कोयता'. आई घरीच असते. त्याला 'हो'त धरायचं की 'नाही'त? आणि हजेरी म्हणजे तरी काय, पटावरचं नाव की वर्गात बसलेलं पोर?

मग मधे तिसरंच काही येतं. कोरडवाहू दोन एकरवाल्याचं पोर आई-बाप गावात असतानाही शेळ्यांमागे असू शकतं. गरिबीच घराला ऊसतोडीला लावते आणि तीच शाळाही बुडवते. अशा वेळी सगळा दोष कोयत्यावर टाकला तर हिशेब चुकतो. म्हणून सारख्या परिस्थितीतली घरं शोधून, त्यांतली गेलेली आणि न गेलेली यांचीच तुलना करायची.

याहून पक्की रीत म्हणजे चिठ्ठ्या टाकणं. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेच्या 'बालसखी' उपक्रमात अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना शिकवायला शाळेत एक स्थानिक तरुणी, म्हणजे बालसखी, दिली जायची; त्याची परीक्षा अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी वडोदऱ्यात अशीच घेतली. 2001-02 मध्ये काही शाळांच्या तिसरीला बालसखी मिळाली, बाकीच्यांच्या चौथीला. कोणत्या शाळेला काय, हे नशिबावर सोडलेलं. बालसखी असणं हा स्वतंत्र चल, मुलांचे चाचणीतले गुण हा अवलंबी. पण चिठ्ठी टाकून कुणाला ऊसतोडीला धाडता येत नाही, आणि धाडूही नये.

आमच्याकडे आणखी एक चल घराच्या ओसरीवर बसलेला असतो: आजी. ती घरी असली तर आई-बाप जाऊनही लेकरू गावात राहतं, शाळेत जातं. हंगामी वसतिगृहाची योजनाही याच धर्तीची. म्हणजे स्थलांतर तेच, परिणाम वेगळा. पोरगी जरा मोठी असेल तर धाकट्याला सांभाळायला तिलाच सोबत नेलं जातं, तेव्हा आजी असूनही उपयोग नाही. आजीबद्दल एक रकाना प्रश्नावलीत नसला, तर ही सगळी घरं एकाच सरासरीत विरघळून जातात.

एवढं करूनही एक शंका राहते. पोर ऊसाच्या फडावर गेलं म्हणून शाळा सुटली, की शाळेत मन लागत नव्हतं म्हणून आई-बापांनी सोबत नेलं? त्यासाठी गुरुजींना विनंती करून हजेरीपटाची मागची पानं उलटावी लागतात: जुलै, ऑगस्ट, गाड्या यायच्या आधीचे महिने.