स्मार्ट शहरांचे सायबर सुरक्षा धोरण

शहराचे सिग्नल, सीसीटीव्ही कॅमेरे, पाण्याचे मीटर, पथदिवे आणि नागरिकांच्या नोंदी एका जाळ्यात जोडल्यावर त्या जाळ्याची राखण कोणी, कशी आणि कोणाच्या पैशाने करायची हे ठरवणारी नियमावली. भारतात हा प्रश्न २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या स्मार्ट सिटी अभियानाबरोबर महापालिकांपुढे आला. अभियानात १०० शहरे होती. त्यांत पुणे, सोलापूर, नागपूर, नाशिक, ठाणे, पिंपरी-चिंचवड आणि गोव्यातील पणजी यांचा समावेश होता.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने मे २०१६ मध्ये सायबर सुरक्षेची नमुना चौकट शहरांना पाठवली. शहराची यंत्रणा सेन्सर, दळणवळण, माहितीसाठा आणि ॲप अशा चार थरांत पाहायची आणि त्यांच्यातली देवाणघेवाण कूटबद्ध (परक्याला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात) ठेवायची, हा तिचा गाभा. मात्र अशी चौकट प्रत्यक्षात उतरते ती निविदेतून. शहर आधी कंपनी कायद्याखाली एक स्वतंत्र कंपनी काढते. तिच्यात राज्य आणि पालिका यांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. ही कंपनी निविदा काढते आणि यंत्रणा ठेकेदार बसवतो. म्हणून पॅच (सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी बुजवणारे बदल) किती दिवसांत टाकायचे, कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलायचा, बॅकअप (माहितीची राखीव प्रत) मुख्य जाळ्यापासून तोडून कुठे ठेवायचा, ही कलमे निविदेतच हवीत. तिथे ती नसतील तर पुढे ठेकेदाराला जाब विचारायला आधार राहत नाही. धोरण तपासायचे असेल तर प्रस्तावना सोडून आधी हीच पाने वाचावीत.

पिंपरी-चिंचवडने याची झळ सोसली आहे. २०२१ च्या सुरुवातीला तेथील स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या २७ सर्व्हरवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून ती सोडवायला पैसे मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागण्यात आली. अमेरिकेतील अटलांटा शहरावर २२ मार्च २०१८ रोजी असाच हल्ला झाला होता. मागणी सुमारे ५१ हजार डॉलरची होती, पण यंत्रणा सावरायला त्याच्या कितीतरी पट खर्च आला. काही दिवस पोलिसांना अहवाल हाताने लिहावे लागले.

अमेरिकेतल्याच डॅलस शहराचा प्रकार याहून वेगळा आणि धोरण लिहिणाऱ्यांनी नीट अभ्यासावा असा आहे. ७ एप्रिल २०१७ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास तिथले वादळाचा इशारा देणारे १५६ भोंगे एकदम वाजू लागले. आकाश निरभ्र होते. घाबरलेल्या लोकांचे हजारो फोन आपत्कालीन क्रमांकावर आले आणि खरोखर अडचणीत असलेल्यांना ताटकळावे लागले. भोंगे चालू करणारा रेडिओ संकेत बाहेरच्या कोणीतरी पाठवला होता. संगणकात कोणी शिरले नव्हते. धोरणात फक्त सर्व्हर आणि संगणकांची यादी असेल तर भोंगा, झडप, पंप अशी जुनी उपकरणे बाहेरच राहतात.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली सर्ट-इन ही सायबर घटना हाताळणारी राष्ट्रीय संस्था काम करते. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या हालचालींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, जपावे लागतात. आता नियंत्रण कक्षातली रात्रपाळी डोळ्यांसमोर आणा. पहाटे तीनला पडदे गोठतात. कक्षातला ऑपरेटर ठेकेदाराचा माणूस असतो, माहिती शहराची असते आणि कळवण्याचा अधिकार कोणा वरिष्ठाकडे असतो. फोन कोणाला करायचा हे नावानिशी आणि पर्यायी नावासह भिंतीवर लावलेले नसेल, तर सहा तास याच शोधात जातात. कॅमेऱ्यांत टिपलेले चेहरे आणि वाहन क्रमांक किती दिवस ठेवायचे, हेही धोरणात आकड्यांत लिहिले पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानंतर तर त्याची निकड वाढली आहे.

अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. कॅमेरे आणि सेन्सर खांबांवर आहेत, पण देखभालीचे करार ठरावीक वर्षांचेच असतात. ते संपल्यावर पॅच, सुरक्षेचे लेखापरीक्षण आणि बॅकअप यांचा खर्च पालिकेवर येतो. त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष लागते.