प्रबोधनकालीन जत्रांतील वेशधारी स्त्रियांचे छायाचित्रण

अमेरिकेत ‘रेनेसाँ फेअर’ (प्रबोधनकाळाची जत्रा) या नावाने भरणाऱ्या जत्रांमध्ये सोळाव्या शतकातील यूरोपीय पेहराव करून वावरणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे टिपण्याची, मुख्यतः हौशी आणि काही अंशी व्यावसायिक, प्रथा. या जत्रा बहुधा शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत ठरावीक हंगामातील शनिवार-रविवारी भरतात. वेश करणाऱ्यांत पगारी कलावंत, दुकानदार आणि तिकीट काढून आलेले हौशी लोक असे तिघेही असतात व पुरुषही पुष्कळ असतात. मात्र कॅमेऱ्यांचा रोख स्त्रियांकडे अधिक असतो.

पहिली जत्रा मे १९६३ मध्ये लॉस अँजेलिसच्या नॉर्थ हॉलिवुड भागात भरली, याबद्दल फारसे दुमत नाही. फिलिस पॅटरसन या शिक्षिका लॉरेल कॅन्यनमधील आपल्या घराच्या परसात मुलांकडून ‘कोमेदिया देल्लार्ते’ या जुन्या इटालियन नाट्यप्रकाराचे प्रयोग बसवून घेत. त्यांनी व त्यांचे पती रॉन यांनी, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या केपीएफके या रेडिओ केंद्राला निधी मिळावा म्हणून ही जत्रा योजली. पुढे ती अगूरा येथील पॅरामाउंट रँचवर दोन दशकांहून अधिक काळ भरत होती. मिनेसोटा (१९७१), टेक्सस (१९७४) आणि मेरिलँड (१९७७) येथील मोठ्या जत्रा त्यानंतरच्या.

छायाचित्रणाच्या प्रथेची वंशावळ मात्र एकाहून अधिक प्रकारे लावता येते. तिचे मूळ व्हिक्टोरियन इंग्लंडच्या मध्ययुगप्रेमात शोधणाऱ्यांना एक योगायोग नेहमी भुरळ घालतो. फ्रेंच संशोधक दागेर यांच्या छायाचित्रण-प्रक्रियेचा तपशील पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर झाला आणि अवघ्या नऊ दिवसांनी स्कॉटलंडमधील एग्लिंटन येथे सरदारांची मध्ययुगीन थाटाची झुंजस्पर्धा सुरू झाली. त्या स्पर्धेची ‘सौंदर्यसम्राज्ञी’ लेडी सीमूर आणि मुसळधार पावसाने उडालेली दाणादाण आपल्याला दिसते ती चित्रांतून व शिळामुद्रितांतूनच. कॅमेरा तेथे पोहोचायला अजून अवकाश होता. जुलिया मार्गारेट कॅमेरन यांनी (जन्म कोलकाता, १८१५) आर्थर राजाच्या कथांवरील कवी टेनिसन यांच्या काव्यासाठी १८७४-७५ मध्ये आइल ऑफ वाइट येथे आप्तेष्टांना आणि घरच्या नोकरमाणसांना वेश चढवून छायाचित्रे घेतली. २ जुलै १८९७ रोजी लंडनच्या डेव्हनशर हाउसमध्ये झालेल्या ऐतिहासिक वेशांच्या मेजवानीत लाफायेत या छायाचित्र-संस्थेने बागेत तंबू ठोकून पाहुण्यांची छायाचित्रे घेतली. काहींनी नंतर स्टुडिओत जाऊन तोच वेश पुन्हा चढवला. यजमानीणबाई प्राचीन सीरियातील पाल्मिराची राणी झिनोबिया झाल्या होत्या. वेश एका रात्रीचा, पण तो करायचा छायाचित्रात उरण्यासाठी, ही कल्पना येथे पुरती मुरलेली दिसते.

दुसरा धागा विज्ञानकथाप्रेमींच्या मेळाव्यांकडे जातो. न्यूयॉर्कमधील १९३९ च्या पहिल्या जागतिक मेळाव्यात फॉरेस्ट ॲकरमन आणि ‘मोरोजो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मर्टल डग्लस भविष्यकालीन पोशाखात आले होते. ते पोशाख डग्लस यांनीच शिवले होते. १९६६ मध्ये बर्कली येथे एका परसातील समारंभातून उभी राहिलेली ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रॉनिझम’ ही मध्ययुगप्रेमींची संस्था दोन्ही वर्तुळांना जोडते. तरीही जत्रेतील छायाचित्राचा नजीकचा वारसा १९६०च्या दशकातील कॅलिफोर्नियाच्या प्रतिसंस्कृतीत, म्हणजे प्रस्थापित रीती नाकारणाऱ्या हिप्पींच्या चळवळीत, शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. रेचल ली रूबिन यांच्यासारख्या अभ्यासकांनी जत्रा आणि ती चळवळ यांचा घनिष्ठ संबंध दाखवून दिला आहे. डेव्हनशर हाउसच्या पाहुण्या पडद्यासमोर स्थिर उभ्या राहत. जत्रेतील छायाचित्र गर्दीत, चालत्या-बोलत्या माणसाचे असते. उभे राहण्याची ढब व्हिक्टोरियन असली, तरी प्रसंग हिप्पींच्या काळातला आहे.

पेहराव : छायाचित्रांत सर्वाधिक आढळणारी आकृती मद्यगृहातील सेविकेची, तिकडच्या बोलीत ‘वेंच’ची. खांद्यांवरून उतरलेले सैल पांढरे शेमीज, त्यावर पुढून नाडीने आवळलेली आणि छाती वर उचलणारी बॉडिस (तंग चोळी), दोन रंगांचे एकावर एक घागरे, वरच्याची कड कमरेला खोचलेली, पट्ट्याला लटकणारा पेला. हा वेश सोळाव्या शतकातील म्हणून दाखवला जातो. प्रत्यक्षात त्याचा बराचसा भाग विसाव्या शतकातील आहे.

त्या काळच्या आतल्या ताठ अंगवस्त्राचे, म्हणजे ‘पेअर ऑफ बॉडीज’चे, अस्सल नमुने अगदी थोडे उरले आहेत. त्यांपैकी एक १५९८ मध्ये दफन झालेल्या जर्मनीतील नॉयबुर्गच्या डोरोथेआ या राजघराण्यातील स्त्रीचा. दुसरा १६०३ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या अंत्ययात्रेतील पुतळ्यासाठी केलेला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत जपलेला. दोन्हींचा पुढचा भाग सरळ व ताठ आहे. त्यांनी धड शंकूसारखे होते, छाती दाबली जाते. ती वर उचलून गोलाई दाखवणे हा त्यांचा उद्देश दिसत नाही. गळा खोल असणे त्या काळात अपरिचित नव्हते, परंतु तो उघडा टाकण्यापेक्षा बारीक कापडाच्या ‘पार्टलेट’ने झाकण्याची रीत सर्व थरांत होती. खांद्यावरून उतरलेल्या बाहीला तर सोळाव्या शतकातील शेतकरी वा सेविका स्त्रियांच्या चित्रांत आधार सापडणे कठीण. ती बाही हॉलिवुडच्या ऐतिहासिक चित्रपटांतून आणि १९६०-७० च्या दशकांतील ‘पेझंट ब्लाउज’मधून आली असावी.

जवळून घेतलेले छायाचित्र या बाबतीत चांगला साक्षीदार ठरते. त्यात प्रथम नाडी पाहावी. जुन्या पद्धतीत एकच नाडी खालून वर नागमोडी जाते आणि दोन्ही कडांची भोके एकमेकांसमोर नसून किंचित वर-खाली असतात. बुटाच्या नाडीसारखी फुली घालून ओवणे नंतरचे. मग भोके पाहावीत. हाताने दोऱ्याने बांधलेली भोके सोळाव्या शतकाला धरून आहेत. ठोकून बसवलेल्या चकचकीत धातूच्या रिंगा एकोणिसाव्या शतकाच्या आधी संभवत नाहीत. भर उन्हात त्या रिंगा छायाचित्रात ठिपक्यांसारख्या चमकतात आणि राणीसाहेबांचा सगळा थाट तीनशे वर्षे पुढे सरकवतात.

सरदारघराण्यातील स्त्रीचा वेश तुलनेने काटेकोर असतो, कारण तो करणाऱ्या बऱ्याचदा अभ्यासू असतात आणि शिवणाला महिनोन्‌महिने देतात. त्यात फार्दिंगेल, म्हणजे घेर फुगवणारा वळ्यांचा सांगाडा, आणि गळ्याभोवतीचा चुणीदार ‘रफ’ यांना महत्त्व. रफला खळ लागते. इंग्लंडमध्ये खळ देण्याची कला १५६४ च्या सुमारास फ्लँडर्समधून आलेल्या डिंगेन नावाच्या स्त्रीने शिकवल्याचे परंपरेने सांगितले जाते. पऱ्या, समुद्री चाचे आणि व्हायकिंग यांचे वेश आता सर्रास दिसतात व त्यांच्यासाठी खास आठवडेही राखून ठेवतात. त्यांचा प्रबोधनकाळाशी संबंध ओढूनताणूनच. उलट, हातात टर्कीची भाजलेली तंगडी धरून काढून घेतलेले छायाचित्र जाणकारांच्या टिंगलीचा विषय असले, तरी हा अमेरिकी पक्षी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच इंग्लंडात पोहोचला होता.

संमती व शिष्टाचार : पगारी कलावंत स्त्रिया छायाचित्रासाठी थांबतात, कित्येकदा भूमिका न सोडता, कॅमेऱ्याकडे बोट दाखवून हे कसले जादूचे खोके, अशी पृच्छा हा त्यांचा ठरलेला विनोद. दुकानदार स्त्रियांच्या बाबतीत मालाची छायाचित्रे घेण्याआधी विचारावे लागते, कारण हस्तकलेच्या नकलांची त्यांना धास्ती असते. खरा प्रश्न येतो तो ‘प्लेट्रन’ म्हटल्या जाणाऱ्या हौशी वेशधारिणींचा. त्या स्वतः प्रेक्षक असतात, आणि वेश केला म्हणून त्या प्रदर्शनाचा भाग झाल्या असे होत नाही. विचारून, समोरून घेतलेले पूर्णाकृती छायाचित्र त्यांना सहसा हवेच असते. दूरच्या लेन्सने, न सांगता, फक्त गळ्याचा भाग टिपणाऱ्यांवरची नाराजी जुनी आहे. रोल धुवून छायाचित्रे लखोट्यात राहत होती तोवर हे चव्हाट्यावर येत नसे. २००४ नंतर फ्लिकरसारख्या संकेतस्थळांवर ती सर्वांसमोर आली, आणि आपले छायाचित्र कोणत्या संग्रहात, कशाच्या शेजारी लागले आहे हे स्त्रियांना दिसू लागले.

अमेरिकी कायद्यात या विषयाचा धागा एका तरुणीच्या छायाचित्रापर्यंत मागे जातो. ॲबिगेल रॉबर्सन हिची छबी एका पीठ कंपनीच्या सुमारे २५,००० जाहिरातींवर तिला न विचारता छापली गेली. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तिचा दावा फेटाळला. त्यावर इतका गदारोळ झाला की, पुढच्याच वर्षी राज्याने जाहिरात वा व्यापारासाठी कोणाचेही नाव किंवा छबी लेखी संमतीवाचून वापरण्यास बंदी करणारा कायदा केला. कॅलिफोर्नियातील तशाच आशयाचे कलम १९७१ चे. या कायद्यांचा रोख छायाचित्र घेण्यावर नाही, त्याच्या वापरावर आहे. रस्त्यावर नकळत टिपलेली छबी कलाकृती म्हणून मांडणे व विकणे हा व्यापारी वापर नव्हे, असे न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने २००६ मध्ये छायाचित्रकार फिलिप-लोर्का डिकोर्सिया यांच्या खटल्यात ठरवले. जत्रेचे मैदान मात्र बहुधा रस्ता नसते. ती तिकिटाची जागा असते आणि आयोजक तिकिटावर किंवा प्रवेशद्वारी घातलेल्या अटींनुसार छायाचित्रकाराला बाहेर काढू शकतात. व्यवहारात कायद्यापेक्षा या अटीच जास्त उपयोगी पडतात.

तंत्र : जत्रा दिवसाउजेडी भरतात, त्यामुळे दुपारचे ऊन हीच मुख्य अडचण. झाडांखाली कवडशांचे ठिपके चेहऱ्यावर पडतात आणि पानांची हिरवट झाक त्वचेवर येते. काळे मखमल आणि पांढरा रफ एकाच चौकटीत आले की, मखमलीचा पोत राखावा तर रफच्या चुण्या पांढऱ्याफटक होतात. जाणते छायाचित्रकार रफ सांभाळतात आणि मखमल नंतर उजळवतात. टी-शर्टातले लोक व कागदी पेले वगळण्यासाठी ८५ ते २०० मिमी लेन्स आणि मोठे छिद्र वापरून पार्श्वभूमी धूसर करतात.

तुलनेसाठी जर्मनीच्या बव्हेरियातील लांट्सहूटचा सोहळा पाहता येतो. १४७५ मधील एका राजविवाहाचे तेथे १९०३ पासून पुनर्दर्शन घडवतात. सध्या ते दर चार वर्षांनी होते व त्यात दोन हजारांहून अधिक नागरिक भाग घेतात. चष्मा, घड्याळ आणि आधुनिक केशरचना त्यांना वर्ज्य असते, आणि वेशावर आयोजक संस्थेची देखरेख असते. हौशी ‘प्लेट्रन’ हा वर्ग मिरवणुकीत नाही, ‘वेंच’ही नाही. स्त्रियांची छायाचित्रे तेथेही भरपूर निघतात, पण ती मिरवणुकीतील पात्रांची, मार्गाच्या कडेने घेतलेली असतात.