डिफरन्शियल ड्रॉप किट

डिफरन्शियल ड्रॉप किट : पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेली फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप लिफ्ट किट लावून उंच केल्यावर तिचे पुढचे डिफरन्शियल (इंजिनची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गियरपेटी) चासीपासून थोडे खाली आणण्यासाठी वापरला जाणारा स्पेसर, लांब बोल्ट व वॉशर यांचा संच. हाफ-शाफ्टचा, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्याचा, वाढलेला उतार कमी करून सीव्ही जॉइंट (दांडा कोनात असतानाही एकसारखा फिरू देणारे सांधे) आणि त्यांच्यावरची रबरी आवरणे, म्हणजे बूट, यांचा ताण हलका करणे, हा त्याचा उद्देश. उंच केलेल्या प्रत्येक पिकअपला हे किट लागत नाही. माफक लिफ्ट असलेल्या बहुतेक गाड्या त्याच्याशिवाय व्यवस्थित चालतात. गाडी किती इंच उचलली यापेक्षा ती कोणत्या पद्धतीने उचलली आणि चाक पूर्ण लोंबल्यावर हाफ-शाफ्ट किती अंशांवर येतो, यावर त्याची गरज ठरते.

कोणत्या गाड्यांचा प्रश्न : पुढे सलग एक्सल असेल तर डिफरन्शियल एक्सलच्या हाऊजिंगमध्येच असते आणि चाकांबरोबर वर-खाली होते. अशी गाडी उचलली तर प्रॉपेलर शाफ्टचा (डिफरन्शियलपर्यंत ताकद आणणाऱ्या लांब दांड्याचा) कोन बदलतो, हाफ-शाफ्टचा बदलत नाही. तिथे या किटला काही कामच नाही. टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपला पुढे डिफरन्शियलच नसते. उरतात त्या टोयोटा हायलक्स व टॅकोमा, इसुझू डी-मॅक्स, निसान नवारा यांसारख्या गाड्या. टोयोटाच्या फोररनर आणि एफजे क्रूझर या पिकअप नव्हेत, पण त्यांची पुढची मांडणी याच धर्तीची असल्याने त्यांनाही हीच चर्चा लागू होते.

या गाड्यांत डिफरन्शियल चासीला बोल्टने जखडलेले असते आणि चाकाचा हब (चाक ज्यावर बसते तो भाग) कंट्रोल आर्मबरोबर, म्हणजे त्याला चासीशी जोडणाऱ्या हलत्या भुजेबरोबर, वर-खाली हलतो. दोघांना जोडणाऱ्या हाफ-शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक सीव्ही जॉइंट असतो. बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा जॉइंट बहुधा सहा गोळ्यांचा असतो. आल्फ्रेड झेप्पा यांनी 1920च्या दशकात मांडलेल्या रचनेवरून तो घेतलेला आहे. स्टिअरिंगचा पूर्ण वळसा त्यालाच झेलायचा असल्याने तो 45 अंशांच्या पुढेही फिरू शकतो. आतला, डिफरन्शियलकडचा जॉइंट तीन रोलरचा ट्रायपॉड असतो. तो आत-बाहेर सरकून शाफ्टच्या लांबीतला फरक भरून काढतो, पण त्याची कोनाची मर्यादा साधारण 23 ते 26 अंश एवढीच असते. लिफ्टच्या बाबतीत आधी अडतो तो हा आतला जॉइंट, आणि त्याच्याही आधी त्याचा बूट.

लिफ्टच्या पद्धतीचा परिणाम : इथेच सर्वांत जास्त गल्लत होते. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक यांच्या एकत्र खांबाच्या) डोक्यावर स्पेसर ठेवला तर संपूर्ण स्ट्रट खाली सरकतो. गाडी उभी असतानाची उंची वाढते आणि चाक लोंबण्याची शेवटची मर्यादाही तेवढीच खाली जाते. (स्ट्रट आर्मच्या मध्यावर कुठेतरी टेकतो, म्हणून चाकापाशी मिळणारी उंची स्पेसरच्या जाडीच्या साधारण दुप्पट असते, 32 मिमीचा स्पेसर सुमारे 65 मिमी देतो.) याउलट स्प्रिंगवर जास्त दाब देऊन, म्हणजे प्रीलोडने किंवा जाड स्प्रिंगने उंची वाढवली आणि शॉक मूळचाच ठेवला, तर लोंबण्याची मर्यादा शॉकच्या पूर्ण लांबीवर ठरलेली असते, ती बदलत नाही. टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) असलेल्या जुन्या गाड्यांत बार पिळून वाढवलेली उंचीही याच प्रकारात मोडते. अशा गाडीचा हाफ-शाफ्ट रोज थोड्या जास्त कोनात फिरतो खरा, पण त्याचा कमाल कोन कारखान्याने ठरवला तेवढाच राहतो. मूळपेक्षा लांब उघडणारे कॉइलओव्हर (शॉकभोवती स्प्रिंग असलेले संच) घातले की गाडी पुन्हा पहिल्या प्रकारात येते.

एका उदाहरणावर हे तपासता येते. दोन्ही जॉइंटच्या केंद्रांमधले आडवे अंतर 400 मिमी धरू. मूळ उंचीला हब डिफरन्शियलच्या केंद्रापेक्षा 40 मिमी खाली आणि चाक आणखी 90 मिमी लोंबू शकते असे समजू. मग उभ्या गाडीत शाफ्टचा उतार 5.7 अंश आणि पूर्ण लोंबल्यावर 18 अंश येतो. आता 65 मिमीची, म्हणजे अडीच इंचांची लिफ्ट दिली, तर उभ्या गाडीत दोन्ही पद्धतींनी 14.7 अंश. पूर्ण लोंबल्यावर मात्र डोक्यावरच्या स्पेसरने 26 अंश, तर प्रीलोडने जुनेच 18 अंश. लिफ्ट तेवढीच असली तरी एकात ट्रायपॉड मर्यादेला टेकला आणि दुसऱ्यात काहीच धोका नाही. दोन इंचांना लागत नाही, तीन इंचांना लागते, असे सरधोपट नियम म्हणूनच अर्धवट ठरतात.

हाफ-शाफ्ट फिरतो कधी, हेही पाहावे लागते. अनेक गाड्यांत, उदाहरणार्थ एडीडी (ऑटोमॅटिक डिस्कनेक्टिंग डिफरन्शियल) यंत्रणा असलेल्या टोयोटांमध्ये, टू-व्हील मोडवर डिफरन्शियलच्या आत जोड सुटतो. हब मात्र कायम जोडलेले असल्याने दोन्ही हाफ-शाफ्ट चाकांबरोबर फिरतच राहतात. हमरस्त्यावरचा प्रत्येक किलोमीटर बूटच्या खात्यावर जमा होतो. हाताने लॉक होणारे हब असतील किंवा चाकाशीच जोड सोडणारी व्हॅक्यूम यंत्रणा असेल, तर टू-व्हील मोडवर शाफ्ट थांबलेले असतात. अशा गाडीत 14-15 अंशांच्या उताराची फार चिंता करण्याचे कारण नसते.

किटने प्रत्यक्षात काय मिळते : टोयोटासाठीच्या नेहमीच्या किटमध्ये सुमारे 1 इंच, म्हणजे 25 मिमी जाडीचे दोन स्पेसर, दोन लांब बोल्ट आणि स्किड प्लेट (खालचा संरक्षक पत्रा) खाली घेण्यासाठी वेगळे छोटे स्पेसर व बोल्ट असतात. डिफरन्शियल तीन ठिकाणी टांगलेले असते : पुढे दोन, मागे एक. स्पेसर फक्त पुढच्या दोन ठिकाणी लागतात. त्यामुळे डिफरन्शियल सरळ खाली न येता मागच्या बुशभोवती पुढे झुकते. शाफ्ट जिथून बाहेर पडतात तो अक्ष पुढच्या आणि मागच्या आधारांच्या मध्ये असतो, म्हणून तो 25 मिमी नव्हे, त्याच्या निम्म्याच्या आसपास खाली येतो. वरच्या उदाहरणात 12 मिमी धरले, तर उभ्या गाडीतला कोन 14.7 वरून 13.1 अंशांवर आणि लोंबलेल्या अवस्थेतला 26 वरून 24.6 अंशांवर येतो. फायदा जेमतेम दीड अंशाचा. बूटच्या घड्या एकमेकींवर नुकत्याच घासू लागल्या असतील, तर तेवढ्याने त्या सुटतात. त्याहून मोठी अपेक्षा या किटकडून ठेवू नये.

हा दीड अंश फुकटही मिळत नाही. पुढच्या व मागच्या आधारांत 300 मिमी अंतर असेल, तर 25 मिमीच्या स्पेसरने डिफरन्शियल सुमारे 4.8 अंश फिरते. पिनियनचे, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट जोडलेल्या छोट्या गियरचे, तोंड मागे असते. पुढची बाजू खाली गेली की ते तोंड वर कलते आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचे कोन बिघडतात. ज्या शाफ्टला दोन्ही टोकांना साधे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असतात, त्यात दोन्ही टोकांचे कोन सारखे असावे लागतात. नसतील तर फोर-व्हील मोडवर वेगाबरोबर थरथर जाणवते. तिन्ही आधार सारखे खाली आणणारी किट हा दोष टाळतात, पण ती बसवायला जास्त खटपट आहे. शिवाय डिफरन्शियल आणि स्किड प्लेट खाली आल्याने, लिफ्टने मिळवलेल्या जमिनीपासूनच्या उंचीतला थोडा भाग तिथेच परत जातो.

गरज कशी ओळखावी : गाडी सपाट जागी, चाके सरळ ठेवून उभी करावी आणि डिजिटल कोनमापक हाफ-शाफ्टच्या उघड्या भागावर ठेवून उतार घ्यावा. मग चासीखाली भक्कम स्टँड लावून पुढची दोन्ही चाके पूर्ण लोंबू द्यावीत आणि पुन्हा मोजावे. गियर न्यूट्रलमध्ये ठेवून, स्टिअरिंग एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पूर्ण वळवून, चाक हाताने एक पूर्ण फेरी फिरवावे. कुठे अडते का, गचका बसतो का, हे हाताला लगेच कळते. त्याच वेळी आतल्या बूटकडे बारकाईने पाहावे. कोन वाढला की खालच्या बाजूच्या घड्या मिटून एकमेकींना चिकटतात आणि वरच्या ताणल्या जातात; एका फेरीत प्रत्येक घडी एकदा मिटते, एकदा उघडते. घड्यांच्या कडांवर चकाकी आलेली किंवा बारीक काळी भुकटी दिसली, तर रबर घासले जात आहे. शाफ्टच्या बाजूच्या लहान क्लॅम्पपाशी ग्रीसचा ओला पट्टा दिसतो, पण बूट शाबूत असतो, असेही पुष्कळदा होते. तिथे नवा इअर क्लॅम्प घट्ट बसवून गळती थांबते का, हे आधी पाहावे.

लिफ्ट दोन इंचांच्या आत असेल, तर किट घेण्याचे सहसा कारण नसते. अडीच ते तीन इंचांत मोजूनच ठरवावे. तीन इंचांच्या वर नुसत्या स्पेसरने जाणेच चुकीचे. तिथे वरचा बॉल जॉइंट आणि वरचा कंट्रोल आर्म यांच्याही मर्यादा संपतात आणि डिफरन्शियल ड्रॉपने त्या सुटत नाहीत. चार ते सहा इंचांच्या ब्रॅकेट लिफ्टमध्ये नवे क्रॉसमेंबर (चासीचे आडवे भाग) येतात, कंट्रोल आर्म आणि डिफरन्शियल दोन्ही खाली घेतले जातात, त्यामुळे हाफ-शाफ्टचा कोन मूळच्या जवळपास राहतो. तिथे वेगळे ड्रॉप किट घालणे म्हणजे आधीच सुटलेले गणित पुन्हा सोडवणे. लिफ्टबरोबर हे किटही घेऊन टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण मोजमापाशिवाय त्याला फारसा अर्थ नाही. कमाल कोनच जास्त असेल, तर लोंबणे अडवणारा लिमिट स्ट्रॅप किंवा अर्धा इंच कमी लिफ्ट हे उपाय जास्त नेमके आहेत.

बसवणी : काम एक-दोन तासांचे आहे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना ठोकळे लावावेत. स्किड प्लेट काढाव्यात. डिफरन्शियलखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावावा. ठोकळा तेल सोडण्याच्या बुचावर किंवा एडीडीच्या मोटरवर येऊ देऊ नये. मागच्या आधाराचा बोल्ट न काढता फक्त सैल करावा, म्हणजे डिफरन्शियल झुकताना तिथला रबरी बुश पिळला जाणार नाही. मग पुढचे दोन्ही बोल्ट, नट पान्याने धरून, काढावेत आणि जॅक सावकाश स्पेसरच्या जाडीपेक्षा किंचित जास्त खाली घ्यावा. या क्षणी ब्रीदरची (डिफरन्शियलमधली हवा बाहेर सोडणारी) नळी आणि एडीडीच्या वायरचा सॉकेट ताणला जात नाही ना, ते पाहावे. स्पेसर चासीचा ब्रॅकेट आणि डिफरन्शियलचा बुश यांच्या मध्ये जातो. लांब बोल्ट हाताने आटे धरेपर्यंत फिरवावेत, जॅक वर घेऊन सर्व बसू द्यावे, आणि नंतर तिन्ही बोल्ट गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कवर कसावेत. मागचा बोल्ट कसायला विसरणे ही नेहमीची चूक आहे. पहिला खड्डा आला की तो ठक्क वाजून आठवण देतो. सुमारे 500 किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

तेलाची पातळीही बघावी. भरण्याचा बूच पुढच्या तोंडावर असेल, तर डिफरन्शियल पुढे झुकल्यावर तो खाली जातो आणि मागचा पिनियन बेअरिंग वर जातो. बुचाच्या काठापर्यंत तेल भरले तरी ते मूळ मापापेक्षा कमी भरते. म्हणून तेल बदलताना ते बुचावरून न ठरवता मॅन्युअलमध्ये दिलेले लिटर मोजून भरावे. त्यासाठी पुढची बाजू थोडी उचलावी लागते.

बिघाड आणि चुकीचे निदान : एका मोठ्या स्पेसरऐवजी वॉशरचा ढीग रचलेला आढळतो. तो एकसंध बसत नाही, बोल्टवर वाकवणारा भार येतो आणि शेवटी बोल्ट तुटतो. स्पेसर एकसंध, दोन्ही तोंडे समांतर कापलेला आणि बोल्ट किमान मूळच्या ग्रेडचा, म्हणजे ताकदीच्या वर्गाचा, हवा, मूळचा 10.9 असेल तर 8.8 चा चालणार नाही. बसवल्यानंतर प्रॉपेलर शाफ्ट क्रॉसमेंबरला आणि डिफरन्शियल स्टॅबिलायझर बारला लागत नाही ना, हे स्टिअरिंग व सस्पेन्शन दोन्ही हलवून पाहावे.

वळताना कट-कट आवाज येत असेल, तर बाहेरचा जॉइंट झिजला आहे. जोरात वेग घेताना गाडी डोलल्यासारखी थरथरत असेल, तर आतला. झिजलेला जॉइंट ड्रॉप किटने बरा होत नाही, फार तर आवाज काही दिवस दबतो. टोयोटाच्या या डिफरन्शियलमध्ये आणखी एक फसवा दोष आढळतो. एडीडीची नळी नसलेल्या बाजूला आखूड शाफ्टचा तुकडा सुईच्या बेअरिंगवर फिरतो. लिफ्टनंतर शाफ्ट कोनात ओढला गेला की तिथली मोकळीक जाणवू लागते आणि टू-व्हील मोडवर ठरावीक वेगाला गुणगुण किंवा थरथर येते, जी फोर-व्हील लावल्यावर थांबते. दोष सीव्ही जॉइंटचा समजून लोक शाफ्ट बदलतात, मग ड्रॉप किट लावतात; थरथर थोडी कमी होते आणि निदान बरोबर होते असा समज पक्का होतो. खरा इलाज म्हणजे त्या बेअरिंगच्या जागी ब्राँझचा सलग बुश बसवणे. त्यासाठी त्या बाजूचा हाफ-शाफ्ट ओढून काढावा लागतो, ऑइल सील नवे घालावे लागते, आणि शाफ्ट परत आत ठोकताना त्याच्या टोकाची स्नॅप रिंग खाचेत बसल्याचा टक आवाज आला की नाही, हे कान देऊन ऐकावे लागते.