मालमत्ता करातील सवलत व अभय योजना

महानगरपालिकेने मालमत्ता करात (घरपट्टी) वा पाणीपट्टीत दिलेली सूट, माफी किंवा थकबाकीवरील शास्तीत (दंडात) केलेली कपात; या शेवटच्या प्रकाराला अभय योजना म्हणतात. वेळेत भरणा, सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण, माजी सैनिकांची घरे अशा कारणांसाठीच्या सवलती सर्वपरिचित आहेत.

या प्रथेचे मूळ निश्चित सांगणे कठीण. मराठेशाहीत ओसाड गाव किंवा नवी पेठ वसविताना रयतेला काही वर्षांच्या माफीचा कौल देत. पडीक जमिनीवरील सारा टप्प्याटप्प्याने चढविण्याला इस्तावा म्हणत. आजच्या सवलतीचे नाते याच्याशी जोडता येते. मात्र कौल हा वस्ती यावी म्हणून आगाऊ दिलेला शब्द होता, तर अभय योजना मागील थकबाकीवरील शास्ती पोटात घालते. त्यामुळे मूळ ब्रिटिशकालीन नगरपालिका कायद्यांत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 मध्ये करयोग्य मूल्य (ज्या रकमेवर कर आकारतात ती) ठरविताना वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजावट आहे. राज्यातील इतर महानगरपालिकांसाठीच्या 1949 च्या अधिनियमातही तीच आहे.

या वजावटीवरूनच पुण्यातील वाद उद्भवला. पुणे महानगरपालिकेने 1970 च्या ठरावाने घरमालक स्वतः राहत असल्यास करयोग्य मूल्यात 40 टक्के सवलत दिली आणि दुरुस्तीची वजावट 10 ऐवजी 15 टक्के धरली. घराचे वार्षिक भाडे 24,000 रुपये मानल्यास 40 टक्के सवलतीनंतर 14,400 आणि 15 टक्के वजावटीनंतर 12,240 रुपयांवर कर बसे. कायद्यातील 10 टक्के धरल्यास हाच आकडा 12,960 होतो. मूळ सवलतच काढली तर 21,600. लेखापरीक्षणातील आक्षेपानंतर राज्य शासनाने 2018 च्या सुमारास हा ठराव विखंडित (रद्द) केला, आणि स्वतःच्याच घरात राहणाऱ्यांना भाडेकरू ठेवल्यासारखी बिले आली. 2023 मध्ये 40 टक्के सवलत परत मिळाली, वजावट मात्र 10 टक्केच राहिली. सवलतीसाठी घरात स्वतः राहत असल्याचा पीटी-3 अर्ज भरावा लागला. हक्काच्या सवलतीसाठी वृद्ध घरमालकांना क्षेत्रीय कार्यालयात खेटे घालावे लागणे, हाही या धोरणाचा खर्चच. तो अंदाजपत्रकात दिसत नाही.

मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या (46.45 चौ. मी.) निवासी घरांना 2019 मध्ये केवळ सर्वसाधारण करातून माफी मिळाली. बिलात जललाभ, मलनिःसारण, शिक्षण, वृक्ष, पथ असे इतर कर कायम असल्याने रक्कम फारशी घटली नाही. संपूर्ण माफीची घोषणा 1 जानेवारी 2022 रोजी झाली. सुमारे 16 लाख घरांना लाभ आणि पालिका व राज्य मिळून वर्षाला साधारण 462 कोटी रुपयांची तूट, असा त्या वेळचा अंदाज होता. चाळीतून पुनर्विकसित इमारतीत गेलेल्या कुटुंबाला हा दिलासा खरा आहे. परंतु जुलै 2017 मध्ये जकात गेल्यापासून पालिकेच्या हाती स्वतःचे मोठे करसाधन म्हणून मालमत्ता करच उरला आहे. शिवाय क्षेत्रफळ हा गरिबीचा कच्चा मापदंड आहे: मलबार हिलवरील छोटी सदनिकाही यात बसते.

अभय योजनेचा हिशेब वेगळा. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. 10,000 रुपये पाच वर्षे थकले तर, चक्रवाढ न धरता, शास्ती 12,000 होते. त्यातील 80 टक्के माफ केल्यास थकबाकीदार 2,400 रुपये जादा भरतो, म्हणजे वर्षाला 4.8 टक्के. एवढ्या स्वस्तात बँक कर्ज देत नाही. तिजोरीत अडकलेली रक्कम झटपट येते आणि न्यायालयीन दावे मिटतात, हे लाभ नाकारता येत नाहीत. पण योजना वारंवार आली की मुदतीत भरणाऱ्यावर अन्याय होतो आणि पुढील ‘अभय’ची वाट पाहण्याची सवय जडते. एकदाच आणि पुन्हा न देण्याच्या अटीवर दिलेली सूट त्यामुळे अधिक समर्थनीय ठरते.

पिंपरी-चिंचवडमधील शास्तीकर याहून निराळा: 2008 पासून अनधिकृत बांधकामांवर मालमत्ता कराच्या दुपटीइतका हा दंड होता. मूळ करही थकू लागल्याने तो आधी लहान घरांपुरता सौम्य केला गेला. 2023 मध्ये शास्तीकराची जुनी थकबाकी माफ झाली, बांधकामे मात्र त्यामुळे नियमित झाली नाहीत.