थंड पाण्यातील स्कूबा रेग्युलेटर

सिलिंडरमधली दाबाखालची हवा पाणबुड्याला श्वासापुरती आणि त्या खोलीवरच्या दाबाने पुरवणारे उपकरण म्हणजे रेग्युलेटर. फार थंड पाण्यात तो आतून गोठू शकतो, म्हणून तिथे वेगळ्या बांधणीचा रेग्युलेटर लागतो. 'थंड' कुठून म्हणायचे याची रेघ ईएन २५० या युरोपीय मानकाने १०° से.वर आखली आहे. त्याखाली वापरायचा रेग्युलेटर ४° से.च्या आसपासच्या पाण्यात, ५० मीटर खोलीच्या दाबाखाली आणि मिनिटाला ६२.५ लिटर श्वसन गृहीत धरून तपासतात. या परीक्षेला न बसलेल्या नगावर '>१०°से.' अशी खूण असते. किंमत विचारण्याआधी ती शोधावी.

खानदेशात या रेघेखालचे पाणी नाही. जळगाव-धुळ्याचा पारा डिसेंबर-जानेवारीत एखाद्या रात्री दहाच्या खाली उतरतो, केळीच्या बागांत शेकोट्या पेटतात, तोरणमाळ आणि दाबकडे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. पण हतनूर किंवा गिरणा धरणातले पाणी दोन रात्रींच्या थंडीने एवढे निवत नाही. तापी-पांझरेत बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्यांची अडचण गढूळ पाणी, झाडोरा आणि पात्रातले खड्डे ही असते. इथल्या माणसापुढे रेग्युलेटरचा प्रश्न उभा राहतो तो तारकर्लीला डायव्हिंग शिकून झाल्यावर, आइसलँडच्या सिल्फ्रा भेगेत (२ ते ४° से.) किंवा हिमालयातल्या एखाद्या तळ्यात उतरायचे ठरले की. तारकर्लीच्या कोमट पाण्यात बिनतक्रार चाललेला रेग्युलेटर बॅगेत टाकून तिकडे जाणे ही यातली नेहमीची चूक.

गोठण्याचे कारण समजायला समुद्र लागत नाही. हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात ट्रकच्या चाकाची हवा सोडताना व्हॉल्व्हला बोट लावून पाहावे, तो गार पडलेला असतो. दाबलेली हवा पसरली की थंड होते. ट्रकच्या चाकात आठेक बारचा दाब असतो, स्कूबा सिलिंडरमध्ये २०० बार. पहिला टप्पा, म्हणजे सिलिंडरवर बसणारा फर्स्ट स्टेज, हा दाब भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९-१० बार जास्त एवढ्यावर आणतो आणि तोंडातला सेकंड स्टेज तो श्वासाच्या पातळीला उतरवतो. या उतरणीत आतली हवा शून्याच्या बरीच खाली जाते. म्हणजे रेग्युलेटरची थंडी मुख्यतः त्याची स्वतःचीच असते. एमआयडीसीत कार्बन डायऑक्साइडवर वेल्डिंग करणाऱ्यांना हे नवे नाही. त्यांच्या सिलिंडरमध्ये वायू द्रवरूपात असल्याने गारठा आणखी वाढतो, म्हणून त्या रेग्युलेटरला विजेचा हीटर जोडलेला असतो.

पाण्याखाली हीटरचे काम भोवतालचे पाणीच करते. चार अंशांचे पाणी माणसाला हुडहुडी भरवते, पण उणे तापमानाच्या पितळेच्या मानाने ते ऊबदारच. रेग्युलेटर त्यातून उष्णता ओढून घेतो. निवडीचे बहुतेक निकष या एका गोष्टीतून निघतात: पाण्याची ऊब धातूपर्यंत पोहोचावी, पण पाणी स्वतः हलत्या भागांपर्यंत पोहोचू नये.

फर्स्ट स्टेज दोन जातींचा असतो. साध्या पिस्टनच्या रचनेत खोलीचा दाब कळावा म्हणून स्प्रिंगभोवती पाणी खेळते आणि बर्फ धरतो तो नेमका तिथेच. डायफ्रॅमच्या, म्हणजे लवचिक पडद्याच्या, बंदिस्त रचनेत बाहेरून आणखी एक पडदा असतो. पाणी त्या पडद्याला ढकलते आणि दाब आतल्या दांडीतून किंवा सिलिकॉन तेलातून पुढे जातो. थंड पाण्यासाठी डोळे मिटून निवडायचा तर हाच. पिस्टन अजिबात चालत नाही असे मात्र नाही. अंटार्क्टिकात मॅकमर्डो येथे, जवळजवळ उणे दोन अंशांच्या समुद्रात, शेरवूड मॅक्सिमस हा पिस्टन रेग्युलेटर वर्षानुवर्षे वापरला गेला. त्याच्या स्प्रिंगच्या कोठीत थोडी कोरडी हवा सतत झिरपत राहते आणि पाण्याला बाहेर रोखते. फर्स्ट स्टेजमधून निघणारी बुडबुड्यांची बारीक धार पाहून नवखा माणूस गळती समजतो.

सेकंड स्टेजमध्ये बर्फ धरतो तो आपल्याच उच्छ्वासातल्या ओलाव्याचा. इथे प्लॅस्टिकपेक्षा धातूचे घर बरे, कारण ते पाण्याची ऊब आत आणते. होजच्या (हवेच्या नळीच्या) जोडापाशी पंख्यांसारख्या पट्ट्या असतील तर आणखी चांगले. वजन थोडे वाढते आणि जबडा दुखतो, तेवढे सोसावे. सिलिंडरच्या जोडणीत योकपेक्षा (व्हॉल्व्हवर बाहेरून आवळायच्या चापापेक्षा) व्हॉल्व्हच्या आत फिरवून बसवायच्या स्क्रूची डिन पद्धत घ्यावी.

गोठल्यावर हवा बंद पडेल अशी भीती बहुतेकांना असते. होते उलटेच: झडप उघडी अडकते आणि हवा धो धो वाहू लागते. याला फ्री-फ्लो म्हणतात. हवा जितकी वाहते तितकी थंडी वाढते, म्हणून तो आपोआप थांबत नाही. १२ लिटरच्या सिलिंडरमधली २,४०० लिटर हवा बघता बघता संपते. यासाठी दोन व्हॉल्व्हचा सिलिंडर आणि दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज घेतात, म्हणजे बिघडलेल्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्यावर वर येता येते. एकाच फर्स्ट स्टेजवरचा ऑक्टोपस, म्हणजे जादा सेकंड स्टेज, इथे कामाचा नाही. मूळच गोठले की दोन्ही फांद्या गेल्या.

खोली वाढली की धोकाही वाढतो. ३० मीटरवर भोवतालचा दाब ४ बार असतो, म्हणजे तेवढ्याच श्वासाला चौपट हवा रेग्युलेटरमधून जाते. गोडे पाणी शून्यावर गोठते आणि समुद्राचे उणे १.९च्या आसपास, त्यामुळे तळे समुद्रापेक्षा कठीण. उतरण्याआधी बर्फाळ वाऱ्यात उभे राहून 'चालतोय का' म्हणून रेग्युलेटरमधून श्वास घेऊन पाहू नये, हवा सोडायचे पर्ज बटणही दाबत बसू नये. तिथे पाण्याचा हीटर नसतो आणि ओलावा आतच गोठतो. श्वास घेत असतानाच बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचे जाकीट) किंवा ड्रायसूटमध्ये (पाणी आत न येणाऱ्या पोशाखात) हवा भरू नये. सेकंड स्टेजवर हवेचा झोत कमी-जास्त करणारा व्हेंचुरीचा खटका असल्यास पाण्यावर असताना 'प्री-डाइव्ह'वर ठेवावा.

भरलेली हवा कोरडी हवी. ईएन १२०२१ मानकात २०० बारपर्यंतच्या हवेत घनमीटरला ५० मिलिग्रॅम ओलावा चालतो. कॉम्प्रेसरचा फिल्टर जुना असेल तर महागडा रेग्युलेटरही गोठतो. सर्व्हिसिंगला देताना थंड पाण्यात वापरणार असल्याचे सांगावे, म्हणजे तंत्रज्ञ मधला दाब (फर्स्ट स्टेजकडून सेकंड स्टेजकडे जाणारा) थोडा उतरवून देतो. वेल्डिंगचे रेग्युलेटर उघडणारे गावातले हात कितीही सफाईदार असले, तरी हा त्यांच्यापुढे ठेवू नये: इथे उत्पादकाचेच सुटे भाग आणि त्याने सांगितलेलेच वंगण चालते, कारखान्यातले साधे ग्रीस नाही.