मारोझान, फाबियान

मारोझान, फाबियान : (८ ऑक्टोबर १९९९ – ). हंगेरीचा व्यावसायिक टेनिसपटू. जन्म बुडापेस्ट येथे. तो उजव्या हाताने खेळतो. बॅकहँड दोन्ही हातांनी मारतो. मे २०२३ मध्ये रोमच्या इटालियन ओपनमध्ये त्याने जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक असलेल्या स्पेनच्या कार्लोस अल्काराझला सरळ सेटमध्ये हरवले, तेव्हा टेनिस पाहणाऱ्यांना त्याचे नाव कळले. एटीपी (पुरुष टेनिसपटूंची व्यावसायिक संघटना) मालिकेतल्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत तो त्या आठवड्यात पहिल्यांदाच उतरला होता. पुढे शांघाय (२०२३) आणि मायामी (२०२४) या मास्टर्स १००० (चार ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या खालोखाल मोठ्या) स्पर्धांत त्याने उपांत्यपूर्व फेरी गाठली, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये दोनदा (२०२४, २०२५) तिसऱ्या फेरीपर्यंत मजल मारली आणि २०२४ मध्ये जागतिक क्रमवारीत ३६ वे स्थान मिळवले.

मराठी विश्वकोशात व्यक्तींच्या नोंदी आडनावाने सुरू होतात. हंगेरीत माणसाचे नाव रोजच्या व्यवहारातही असेच, आडनाव आधी धरून, लिहितात आणि बोलतात. त्यामुळे बाहेरच्या जगाचा ‘फाबियान मारोझान’ बुडापेस्टच्या वर्तमानपत्रात ‘मारोझान फाबियान’ असतो. हंगेरियन लिपी रोमन असली तरी अक्षरांचे उच्चार तिचे स्वतःचे आहेत. एकटा ‘एस’ तिथे ‘श’ होतो, म्हणून हंगेरियन माणूस आपल्या राजधानीला ‘बुदापेश्त’ म्हणतो. ‘झेड’ला ‘एस’ जोडला की ‘टेलिव्हिजन’मधल्या ‘ज’सारखा मऊ आवाज होतो. हाच आवाज मारोझानच्या आडनावात आहे. देवनागरीत तो नेमका उतरत नाही, ‘झ’वर भागवावे लागते. समालोचकांच्या तोंडी या आडनावाचे तीन-चार अवतार ऐकू येतात त्याचे कारण हेच.

हंगेरी हा टेनिसमधला जुना देश आहे, पण त्याचे यश सलग नाही. मध्ये लांबलचक खंड पडतात. योझेफ आशबोटने १९४७ मध्ये फ्रेंच अजिंक्यपद जिंकले. ग्रँड स्लॅमच्या पुरुष एकेरीतले हंगेरीचे ते एकमेव विजेतेपद. महिलांत झुझा कोर्मोत्सीने १९५८ मध्ये पॅरिसलाच विजय मिळवला, तेव्हा ती ३३ वर्षांची होती. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बालाझ तारोत्सी जागतिक क्रमवारीत १२ व्या स्थानापर्यंत पोचला. नेदरलँड्सच्या हिल्व्हरसमची मातीवरची स्पर्धा त्याने सहा वेळा जिंकली आणि १९८५ मध्ये स्वित्झर्लंडच्या हाइन्त्स ग्युन्टहार्टबरोबर विम्बल्डनचे दुहेरीचे विजेतेपदही मिळवले. आंद्रेया तेमेश्वारीने १९८३ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी महिलांची इटालियन ओपन जिंकली. भारतीय प्रेक्षकाला ओळखीचे हंगेरियन नाव म्हणजे तिमेआ बाबोश. २०१८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मिश्र दुहेरीत ती आणि रोहन बोपण्णा उपविजेते होते.

पुरुष एकेरीत मात्र तारोत्सीच्या १९८२ मधल्या विजेतेपदानंतर ३६ वर्षे एकाही हंगेरियनाने एटीपी स्पर्धा जिंकली नाही. तो दुष्काळ मार्टोन फुचोविचने २०१८ मध्ये जिनिव्हात संपवला. फुचोविच २०१० चा विम्बल्डनचा कुमार विजेता. म्हणजे कुमार गटात विम्बल्डन जिंकल्यावर पहिल्या मोठ्या करंडकासाठी त्याला आठ वर्षे थांबावे लागले. हंगेरीच्या टेनिसमधली ही संथ गती मारोझानचा प्रवास समजून घ्यायला उपयोगी पडते. कुमार वयात तो फुचोविचसारखा गाजलाही नव्हता.

मध्य युरोपातल्या मुलांप्रमाणे त्याचा खेळ लाल मातीवर घडला. हंगेरियन भाषेत अशा कोर्टाला ‘शलाकपाया’ म्हणतात. ‘शलाक’ म्हणजे जळक्या कोळशाची खरड. इंग्रजीने ‘क्ले’ म्हणजे चिकणमाती हा शब्द घेतला, हंगेरीने भट्टीतला घेतला. या कोर्टावर चेंडू उसळून संथ येतो, पाय घसरवत खेळता येते, रॅली, म्हणजे एका गुणासाठीची फटक्यांची देवाणघेवाण, लांबतात आणि नुसत्या ताकदीवर गुण मिळत नाहीत. हाताची नजाकत लागते.

व्यावसायिक टेनिसच्या उतरंडीत अगदी खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या एम १५, एम २५ या स्पर्धा असतात. जुने लोक त्यांना अजून ‘फ्युचर्स’च म्हणतात. एम १५ मधला आकडा हजार डॉलरमध्ये आहे आणि तो संपूर्ण स्पर्धेच्या बक्षिसाचा आहे. पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हातात प्रवासखर्चही पडत नाही. त्यावरची पायरी चॅलेंजर स्पर्धांची, आणि तिच्यावर एटीपी २५०, ५००, १००० व ग्रँड स्लॅम. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात झालेली महाराष्ट्र ओपन एटीपी २५० दर्जाची होती. मारोझान वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत या पायरीच्याही खाली खेळत होता. २०२२ मध्ये बोस्नियातील बान्या लुका आणि २०२३ च्या सुरुवातीस तुर्कस्तानातील अंताल्या इथे त्याने चॅलेंजर विजेतेपदे मिळवली. दोन्ही मातीवर. या दोन करंडकांनी त्याला पहिल्या दीडशेत आणले. मोठ्या स्पर्धांची पात्रता फेरी खेळायला एवढी क्रमवारी पुरते, मुख्य फेरीत थेट शिरायला पुरत नाही. ग्रँड स्लॅमच्या १२८ खेळाडूंपैकी १०४ जण क्रमवारीवर थेट घेतले जातात. शंभरच्या आतले आणि बाहेरचे असे दोन वेगळे पेशे आहेत म्हटले तरी चालेल : २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही १ लाख २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले.

रोमला तो क्रमवारीत १३५ वा असताना गेला. त्या वर्षी इटालियन ओपनचा आराखडा बदलला होता. मुख्य फेरी ९६ खेळाडूंची झाली, स्पर्धा जवळपास दोन आठवड्यांवर गेली, आणि पात्रता फेरीतून येणाऱ्यांच्या जागा वाढून बारा झाल्या. जुन्या, लहान आराखड्यात असे खेळाडू कमी असत. दार थोडे रुंद झाले त्याच वर्षी मारोझान दाराशी उभा होता. पात्रता फेरी पार करून त्याने फ्रान्सचा कोरँतँ मूते आणि चेक प्रजासत्ताकाचा यिरी लेहेच्का यांना हरवले. तिसऱ्या फेरीत समोर अल्काराझ.

अल्काराझने त्याआधी बार्सिलोना आणि माद्रिद अशा लागोपाठच्या दोन स्पर्धा जिंकल्या होत्या आणि बारा सामने तो हरला नव्हता. रोममध्ये नुसता पहिला सामना खेळल्यामुळे पुढच्या सोमवारी तो पुन्हा अव्वल क्रमांकावर जाणार हे पक्के झाले होते. ही लढत पोरसवदा आव्हानवीर आणि मुरलेला विजेता अशी वाटू शकते. वयाचा हिशेब उलटा होता. अल्काराझ नुकताच वीस वर्षांचा झाला होता, मारोझान त्याच्याहून साडेतीन वर्षांनी मोठा. टेनिसमध्ये तरुण कोणाला म्हणायचे हे अल्काराझसारख्या खेळाडूंनी अवघड करून ठेवले आहे.

१५ मे २०२३ रोजी मारोझानने हा सामना ६-३, ७-६ असा जिंकला. दुसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये, म्हणजे ६-६ बरोबरीनंतर सात गुणांपर्यंत चालणाऱ्या निर्णायक गेममध्ये, तो १-४ ने मागे होता. चॅलेंजरवरून आलेले पोरगे इथे दबेल, सेट जाईल आणि तिसऱ्या सेटमध्ये अल्काराझ सामना खिशात घालेल असेच कोणालाही वाटले असते. मारोझानने पुढचे सहा गुण ओळीने घेतले. टायब्रेक ७-४ असा संपला.

जिंकण्यापेक्षा जिंकण्याची रीत जास्त लक्षात राहिली. ड्रॉप शॉट, म्हणजे जाळ्यापलीकडे जेमतेम पडणारा नाजूक फटका, हे अल्काराझचे हुकमी अस्त्र. त्या दिवशी ते अस्त्र त्याच्यावरच चालले. ड्रॉप शॉट वरवर पाहता खोडसाळपणा वाटतो, पण त्याची तयारी दोन-तीन फटके आधी होते. मारोझान बेसलाइनला, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेला, चिकटून उभा राहतो आणि चेंडू उसळी घेत असतानाच, वर चढायच्या आत, सपाट मारतो. प्रतिस्पर्ध्याला वेळ कमी मिळतो, मग तो वेळ मिळवण्यासाठी एकेक पाऊल मागे सरकतो. तो पुरेसा मागे गेला की मारोझान पुन्हा तोच मोठा फोरहँड मारणार अशा आवेशात खांदा वळवतो आणि शेवटच्या क्षणी मनगट सैल सोडतो. खांद्यावरून काही ओळखता येत नाही, त्यामुळे समोरच्याची धाव उशिरा सुरू होते. बॅकहँड रेषेला समांतर मारण्याची त्याची सवय या डावपेचाला पूरक आहे, कारण त्या फटक्याच्या धास्तीने प्रतिस्पर्धी पुढे यायला कचरतो. चेहऱ्यावर फारसे काही न दाखवणे हाही याच खेळाचा भाग मानायला हरकत नाही.

या शैलीची दुसरी बाजूही आहे. चेंडू इतक्या लवकर आणि सपाट मारायचा तर चूक व्हायला जागा फार कमी उरते. सूर लागला की समोरचा हतबल दिसतो. सूर गेला की मारोझानचेच फटके बाहेर जाऊ लागतात आणि सेट हातातून पाण्यासारखा निसटतो. त्याच्या सामन्यांचे सेटवार आकडे पाहिले की ६-१, ०-६ असे झोके दिसतात, त्याचा उलगडा इथे होतो.

रोमची धाव पुढच्याच फेरीत क्रोएशियाच्या बोर्ना चोरिचने थांबवली. अशा एका आठवड्यानंतर नाव विसरले गेलेले खेळाडू टेनिसमध्ये बरेच आहेत. मारोझानच्या बाबतीत उत्तर पाच महिन्यांत मिळाले. करोनामुळे २०१९ नंतर प्रथमच भरलेल्या शांघाय मास्टर्समध्ये, मातीऐवजी जलद हार्ड कोर्टवर, त्याने चौथ्या फेरीत कास्पर रूडला तीन सेटमध्ये हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे त्याने पोलंडच्या हुबर्ट हुरकाचविरुद्ध पहिला सेट घेतला, पण सामना गमावला. हुरकाच पुढे विजेता झाला. चोविसावा वाढदिवस याच स्पर्धेच्या दिवसांत आला.

२०२४ ची सुरुवात त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत भरघोस काळ ठरली. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मारिन चिलिच आणि फ्रान्सिस्को सेरुंदोलो यांना हरवून तो तिसऱ्या फेरीत गेला आणि टेलर फ्रिट्झकडून पराभूत झाला. इंडियन वेल्सच्या चौथ्या फेरीत अल्काराझ पुन्हा समोर आला. या वेळी स्पॅनिश खेळाडू गाफील नव्हता. निकाल ६-३, ६-३ असा अल्काराझच्या बाजूने. लगेचच्या मायामी स्पर्धेत मारोझानने होल्गर रूनला ६-१, ६-१ असे धुऊन काढले. पहिल्या दहांतल्या खेळाडूचा इतका एकतर्फी पराभव क्वचितच पाहायला मिळतो. पुढे ॲलेक्स डि मिनॉरविरुद्ध ६-४, ०-६, ६-१ असा त्याच्या ठरलेल्या झोक्यांचा सामना झाला, आणि उपांत्यपूर्व फेरीत अलेक्झांडर झ्वेरेवने त्याला सरळ सेटमध्ये रोखले. ३६ वे स्थान याच हंगामातले.

टेनिसची क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांवर ठरते. मायामीत मिळवलेले गुण वर्षभराने गळून पडतात. तेवढेच पुन्हा कमावले नाहीत तर खेळाडू काही वाईट न करताही घसरतो. मोठ्या स्पर्धांत अचानक चमकणाऱ्याला हा हिशेब जास्त जाचतो, कारण त्याचे गुण दोन-तीन आठवड्यांत साठलेले असतात. मारोझान पहिल्या पन्नासाबाहेर गेला तो अशाच हिशेबाने. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये बिगरमानांकित म्हणून उतरून त्याने फ्रान्सिस टियाफोला पाच सेटमध्ये हरवले. तिसऱ्या फेरीत इटलीचा लोरेंझो सोनेगो भारी पडला. एप्रिलमध्ये म्युनिकला, त्याच वर्षी ५०० दर्जा मिळालेल्या मातीवरच्या स्पर्धेत, तो उपांत्य फेरीत पोचला. तिथे पुन्हा झ्वेरेव आडवा आला.

त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या दुसऱ्या फेरीत अल्काराझशी तिसरी गाठ पडली. रोमनंतर मातीवरची ही पहिलीच. सामना ६-१, ४-६, ६-१, ६-२ असा अल्काराझने जिंकला आणि पुढे स्पर्धाही जिंकली. दुसरा सेट मारोझानने घेतला. उरलेल्या तीन सेटमध्ये मिळून त्याला चारच गेम घेता आले.